आधारचित्राची साक्ष

जुन्या झाशी शहराकडून निघून रेल्वेमार्ग ओलांडला, की शिवपुरीच्या दिशेस सीपरी बाजार लागतो. शिवपुरीचे जुने नाव सीपरी; त्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची पेठ ती सीपरी बाजार. या वस्तीलगतच्या टेकडीवर मेजर ध्यानचंद यांचा उंच पुतळा उभा आहे. १९२८, १९३२ आणि १९३६ अशा लागोपाठ तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारतीय हॉकी संघाला सुवर्णपदक मिळवून देणाऱ्या या खेळाडूची छायाचित्रे देशोदेशी घेतली गेली. त्यांची मूर्ती घडविणाऱ्यास चेहऱ्याच्या आधाराची वाण पडण्याचे कारण नव्हते. इतक्या छायाचित्रांतून कोणते प्रमाण मानावे, एवढाच काय तो प्रश्न. रुळांच्या दुसऱ्या अंगाला मात्र जुना किल्ला आहे, आणि त्या किल्ल्याच्या स्वामिनीचे, महाराणी लक्ष्मीबाईंचे, निर्विवाद असे एकही छायाचित्र उपलब्ध नाही. तरीही त्यांचा चेहरा आपणां सर्वांस ठाऊक आहे, अशी आपली समजूत असते. शाळांच्या भिंतींवर, दिनदर्शिकांवर, चौकाचौकांतील अश्वारूढ पुतळ्यांवर तो आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

एकाच गावातील या दोन प्रतिमा व्यक्तिचित्रकलेतील एका जुन्या प्रश्नाची दोन टोके दाखवितात. चित्रकार ज्या छायाचित्रावरून, रेखाटनावरून वा वर्णनावरून चेहरा उभा करतो, त्यास आपण आधारचित्र म्हणू. हे आधारचित्र चित्र करवून घेणाऱ्यास दाखवावे की दाखवू नये? ते चित्रकाराच्या कारखान्यातील हत्यारांपैकी एक मानावे, की चित्राबरोबर सुपूर्द करावयाचा कागद मानावे? प्रश्न वरकरणी व्यवहाराचा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर केवळ चित्रकाराची प्रतिष्ठा अवलंबून नसून, पुढच्या पिढ्यांच्या हाती इतिहासाचा पुरावा लागणार की नुसती समजूत, हेही अवलंबून असते.

प्रथम झाशीचाच विचार करू. गंगाधरराव १८५३ च्या नोव्हेंबरात निवर्तले आणि १८५४ साली कंपनी सरकारने संस्थान खालसा केले. त्याच वर्षी जॉन लँग नावाचा, ऑस्ट्रेलियात जन्मलेला एक वकील राणीसाहेबांच्या निमंत्रणावरून सल्लामसलतीसाठी झाशीस आला. राणीसाहेब पडद्याआडून बोलत होत्या. छोट्या दत्तकपुत्राच्या हातून पडदा क्षणभर बाजूला झाला आणि लँगला त्यांचे दर्शन घडले. १८५९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्याने ते नोंदविले आहे: मध्यम बांधा, किंचित स्थूल शरीर, गोलसर चेहरा, अतिशय सुंदर डोळे, रेखीव नाक, शुभ्र साधे वस्त्र आणि कानांतल्या सुवर्णभूषणांखेरीज अंगावर दागिना नाही. दुसरा साक्षीदार आपला वरसईचा विष्णुभट गोडसे. १८५८ च्या वेढ्यात तो झाशीत होता. बाईसाहेब कधी पुरुषी पोशाख करीत व कधी स्त्रीवेषात असत, हे त्याने लिहून ठेवले आहे. एक परका वकील आणि एक भिक्षुक ब्राह्मण, दोघांनीही डोळ्यांनी पाहिले आणि शब्दांत टिपले. रंग व रेषा त्यांच्यापाशी नव्हत्या.

यापुढील साऱ्या चित्रांना या किंवा अशाच वर्णनांचा आधार, आणि त्यावर चित्रकाराच्या कल्पनेची भर. १८५० साली काढलेले राणीसाहेबांचे म्हणून एक छायाचित्र २००९ च्या सुमारास पुष्कळ गाजले. पण ते त्यांचेच याविषयी अभ्यासकांची खात्री पटलेली नाही. १९५७ साली सत्तावनच्या उठावाच्या शताब्दीनिमित्त भारतीय टपाल खात्याने राणीसाहेबांचे तिकीट काढले. १९५३ साली सोहराब मोदींनी त्यांच्यावर चित्रपट काढला. एका चित्रकाराची कल्पना दुसऱ्याचा आधार झाली, दुसऱ्याचे चित्र तिसऱ्याचा. आज एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने विचारले, की या चित्रातील नाकाची ठेवण कोठून आली, हा शिरपेच कोणी पाहिला होता, तर बहुतेक चित्रांच्या बाबतीत उत्तर मिळत नाही. चित्रकारांनी खोटे काही केले, असा याचा अर्थ नव्हे. आपण कशावरून काढले, हे लिहून ठेवण्याची त्यांना आवश्यकता वाटली नाही, आणि करवून घेणाऱ्यांनीही विचारले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

योगायोग असा, की लँग झाशीच्या पडद्यासमोर बसला होता त्याच १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी होते, आणि नारायण दाजी स्वतः कुशल छायाचित्रकार होते. तीन वर्षांनी, १८५७ साली, मुंबईत सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून कलाशाळा सुरू झाली. म्हणजे हुबेहूब चेहरा काढण्याची विलायती विद्या आणि हुबेहूब चेहरा टिपणारे यंत्र ही दोन्ही महाराष्ट्रात जवळजवळ हातात हात घालून आली. त्यांचे नाते आरंभापासूनच जिव्हाळ्याचे, आणि काहीसे चोरटेही, राहिले.

याचे कारण बैठकीच्या अडचणीत आहे. समोर माणूस बसवून तैलरंगात व्यक्तिचित्र करावयाचे, तर अनेक बैठका लागतात. संस्थानिकास दरबार असे, वकिलास कोर्ट असे, व्यापाऱ्यास पेढी असे. आणि घरंदाज स्त्रीने परपुरुषासमोर तासन् तास बसणे त्या काळी अनेक घरांत संमत नव्हते. शिवाय कित्येकदा चित्राची आठवण माणूस गेल्यावरच होई. या सर्व अडचणींवर छायाचित्र हा उपाय होता. राजा रविवर्मा यांनी बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मोठे काम केले. त्यांनीही व्यक्तिचित्रांसाठी छायाचित्रांचा उपयोग केला. त्यांचे बंधू व सहकारी सी. राजराज वर्मा यांनी ठेवलेल्या इंग्रजी दैनंदिनीत अशा कामांचे उल्लेख आहेत. लाला दीनदयाळ यांनी १८७४ च्या सुमारास इंदुरात छायाचित्रणाला आरंभ केला, पुढे सिकंदराबादेस व १८९६ साली मुंबईस स्टुडिओ थाटला. संस्थानिकांच्या चेहऱ्यांचा जणू एक दफ्तरखानाच अशा स्टुडिओंतून तयार झाला. शहरोशहरी छायाचित्र मोठे करून त्यावर रंग चढवून देणारे कारागीर निघाले. दिवाणखान्यात टांगलेल्या आजोबांच्या ‘एन्लार्जमेंट’पैकी कितीतरी अर्धी यंत्राची व अर्धी कुंचल्याची असते.

येथेच लपवाछपवीचे बीज पडले. गिऱ्हाईक पैसे मोजत होते ते हातच्या कामाचे. फोटोवरून काढले आहे असे कळले, की त्याला वाटे, यात चित्रकाराचे कसब ते काय राहिले? फोटोग्राफरने एका रुपयात दिले असते त्याचे शंभर का द्यावेत? याउलट समोर बसवून काढलेल्या चित्राला मान अधिक आणि मोलही अधिक. त्यामुळे छायाचित्र खणात आणि चित्र घोडीवर, अशी अनेक कलागृहांची रीत पडली. कलावंतांच्या पंगतीतही छायाचित्रावरून काम करणाऱ्याकडे कमीपणाने पाहिले जाई. सा. ल. हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’ या जलरंगचित्रासाठी त्यांची कन्या हाती समई घेऊन तीन तास उभी राहिली होती, ही हकीकत आजही कौतुकाने सांगितली जाते. त्या कौतुकात हळदणकरांच्या कौशल्याबरोबर प्रत्यक्ष दर्शनाविषयीचा आदरही सामावलेला आहे.

चित्रकाराचा संकोच केवळ प्रतिष्ठेपोटी नव्हता, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. छायाचित्र हे सत्याचे निर्मळ प्रतिबिंब असते, हा समज भ्रामक आहे. कॅमेरा फार जवळ ठेवला तर नाक वास्तविकाहून मोठे दिसते आणि कान मागे जातात. जुन्या काचा निळ्या रंगाला फार लवकर वश होत आणि तांबड्याला जवळजवळ होतच नसत. त्यामुळे निळे आकाश पांढरे उमटे आणि लाल पगडी काळी ठिक्कर. बिंब पडावयास बराच अवधी लागे, म्हणून मान हलू नये यासाठी डोक्यामागे लोखंडी टेकू लावीत. आपल्या पणज्यांच्या छायाचित्रांतील करडी मुद्रा त्यांच्या स्वभावापेक्षा या टेकूचीच साक्ष अधिक देते. डॅगेरोटाइप या आरंभीच्या पद्धतीत तर चित्र आरशातल्याप्रमाणे उलटे उमटे: तलवार भलत्या बाजूस आणि अंगरख्याचे बंद भलत्या कुशीवर.

जाणता चित्रकार हे सारे दोष ओळखतो. तो एका छायाचित्रातून डोळे घेतो, दुसऱ्यातून हनुवटी, तिसऱ्यातून अंगरख्याची चुणी. आणि प्रत्यक्ष भेटीत जे पाहिले त्याने या सर्वांस सांधतो. त्यातील एकच छायाचित्र गिऱ्हाइकाच्या हाती दिले, तर ते चित्राशेजारी धरून बोट ठेवू लागते: येथे सुरकुती आहे, तुमच्या चित्रात नाही, येथे कान एवढा दिसतो, तुम्ही लहान केला. चित्राची परीक्षा माणसाशी ताडून व्हावयाची, ती कागदाशी ताडून होऊ लागते. अशा वेळी चित्रकार नकलनवीस ठरतो. म्हणून काम चालू असता आधारचित्रे आपल्याजवळच ठेवण्याचा त्याचा आग्रह समजण्याजोगा आहे.

परंतु दुसरी बाजूही तितकीच बळकट आहे. वर सांगितलेले दोष नेमके कोणाच्या मदतीने दूर होतात? पगडी लाल होती की जांभळी, हे कृष्णधवल छायाचित्र सांगत नाही. ते घरच्यांना ठाऊक असते. छायाचित्र उलटे उमटले आहे, हे आजोबांच्या भुवईवरचा व्रण कोणत्या बाजूस होता ते आठवणारी आजीच सांगू शकते. काही वेळा घरातून आलेले छायाचित्रच भलत्याचे असते. दोन भाऊ सारखे दिसत आणि अल्बममध्ये नावे लिहिलेली नसत. आधारचित्र एकदा करवून घेणाऱ्यासमोर ठेवले, की अशा चुका रंग लागण्यापूर्वी सापडतात. लपविले, की त्या सोनेरी चौकटीत कायम होतात.

पश्चिमेकडेही हा प्रश्न निरनिराळ्या रीतींनी सुटला, वा सुटला नाही. म्युनिकचा विख्यात चित्रकार लेनबाख याने बिस्मार्कची अनेक चित्रे केली आणि त्यांसाठी छायाचित्रांचा सर्रास उपयोग केला. इंग्लंडमधील वॉल्टर सिकर्ट याने याउलट उघडपणाचा मार्ग पत्करला. एन्ट्रीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या वेळी पंचम जॉर्ज बादशहा आपल्या अश्वशाळेच्या व्यवस्थापकाशी बोलत असल्याचे १९२७ सालचे एक वृत्तपत्रीय छायाचित्र त्याने आधारास घेतले, आणि ते पुरविणाऱ्या संस्थेचे नाव चक्क चित्रफलकावर रंगवून टाकले. बादशहा त्याच्यासमोर बसले नव्हते, हे त्याने जगजाहीर केले. त्यामुळे सिकर्टची योग्यता कमी झाली नाही.

सर्वांत बोधप्रद उदाहरण विन्स्टन चर्चिल यांच्या चित्राचे. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांनी ग्रॅहम सदरलंड या चित्रकाराकडून त्यांचे व्यक्तिचित्र करविले आणि ३० नोव्हेंबर १९५४ रोजी ते समारंभपूर्वक अर्पण केले. सदरलंडने चर्चिल यांच्या घरी जाऊन रेखाटने केली होती. एल्स्बेथ जूडा यांनी काढलेली छायाचित्रेही त्याच्यापाशी होती. काम चालू असता ते चर्चिल यांस दाखविण्यास तो राजी नव्हता. पूर्ण झालेल्या चित्रात वार्धक्याने खचलेला एक जड देह पाहून चर्चिल यांना अत्यंत खेद झाला. पुढे त्यांच्या पत्नीच्या इच्छेने ते चित्र नष्ट करण्यात आले, ही गोष्ट १९७८ साली जगाला कळली. चित्र गेले, पण त्याची रेखाटने आणि छायाचित्रे उरली. सदरलंडने आपल्या विषयावर अन्याय केला की वृद्धापकाळाचे सत्य सांगितले, हा वाद आज कोणास तपासावयाचा असेल, तर त्या आधारसामग्रीकडेच वळावे लागते. चित्राहून आधारचित्र दीर्घायुषी ठरू शकते, हा त्यातील धडा.

आपल्याकडील एक उदाहरण याहून सुखद आहे. दिल्लीच्या संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात लोकमान्य टिळकांचे जे तैलचित्र १९५६ साली लागले, ते गोपाळ देऊसकर यांचे. देऊसकरांचा जन्म १९११ चा आणि लोकमान्य निवर्तले १९२० साली. नऊ वर्षांच्या मुलाने पाहिलेल्या, वा न पाहिलेल्या, चेहऱ्यावरून असे चित्र होत नाही. छायाचित्रांचा आधार अपरिहार्यच होता. आणि तो लपविण्याची सोयही नव्हती. पगडी, उपरणे आणि मिशा यांसह लोकमान्यांची मुद्रा महाराष्ट्रातील घराघरांत छायाचित्रांतून टांगलेली होती. पाहणारा प्रत्येक जण मनात आधारचित्र घेऊनच चित्रासमोर उभा राहत होता. अशा वेळी चित्रकाराचे कसब नाहीसे होत नाही, उलट ते उघड्यावर सिद्ध होते. सर्वांना ठाऊक असलेल्या करड्या छायेत रक्तामांसाचा रंग, वयाचा भार आणि डोळ्यांतील निश्चय भरणे हे यंत्राचे काम नव्हे. बालगंधर्वांची देऊसकरांनी केलेली चित्रे पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात आहेत. रंगमंदिर उघडले १९६८ साली, बालगंधर्व निवर्तले त्याच्या आदल्या वर्षी. आणि स्त्रीभूमिकेतील त्यांचे ऐन बहरातले लावण्य तर कित्येक दशकांपूर्वीच रंगभूमीवरून मावळले होते. तेथेही जुन्या आधारांचे साहाय्य होते म्हणून चित्रकार उणा ठरला, असे कोणी रसिक म्हणणार नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहणे उचित होईल; कारण व्यवहारातील तंटे शेवटी त्याच दारी जातात. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्याच्या सतराव्या कलमाचा सर्वसाधारण नियम असा, की कृतीचा कर्ता हाच तिच्या प्रकाशनहक्काचा पहिला धनी. परंतु छायाचित्र, चित्र वा व्यक्तिचित्र एखाद्याच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेले असेल, आणि उलट करार नसेल, तर पहिला धनी ते करवून घेणारा ठरतो. म्हणजे आजोबांनी पैसे देऊन स्टुडिओत काढविलेल्या छायाचित्राची काच फोटोग्राफरच्या कपाटात राहिली, तरी हक्काचा प्रश्न त्या काचेच्या मालकीने सुटत नाही. वृत्तपत्रात आलेल्या छायाचित्राची गोष्ट वेगळी. त्याचा हक्क चित्र करवून घेणाऱ्या कुटुंबाकडे नसतो. त्यावरून कोणी व्यक्तिचित्र केले, किंवा सपाट छायाचित्रावरून उठावाची मूर्ती घडविली, तर मूळ हक्कदाराच्या अनुमतीचा प्रश्न उभा राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने छायाचित्रांच्या हक्काची मुदत वाढली. पूर्वी ती प्रसिद्धीपासून मोजली जात असे. आता ती कर्त्याच्या आयुष्याशी जोडलेली आहे. यास्तव आधार कोणाचा, हे करवून घेणाऱ्यास न सांगणारा चित्रकार त्याला नकळत दुसऱ्याच्या कुंपणात नेऊन उभा करतो.

खरी गुंतागुंत आहे ती चित्रकाराने स्वतः, आपल्या कामापुरत्या घेतलेल्या छायाचित्रांची. गिऱ्हाइकाने मोबदला दिला तो चित्राचा. वाटेत काढलेली पन्नास छायाचित्रे त्या मोबदल्यात आली की नाही, हे कायद्याच्या शब्दांवरून सहज ठरत नाही. पूर्वी काच महाग होती, म्हणून अशी छायाचित्रे दोन-तीनच असत. आज खिशातल्या दूरध्वनीने शेकडो निघतात, आणि त्यांत मिटलेले डोळे, वाकलेली पाठ, थकलेला चेहरा असे पुष्कळ काही असते, जे समोर बसलेल्या माणसाने जगाला दाखविण्यासाठी दिलेले नसते. ही छायाचित्रे चित्रकाराने तिसऱ्या कोणास दाखवू नयेत, हे सौजन्याचे. आणि ज्याचा चेहरा त्याने मागितली तर एकही न दाखविता परत पाठवू नये, हेही सौजन्याचेच. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानल्यापासून या सौजन्यास अधिक वजन प्राप्त झाले आहे. याचा निर्णय करार करतेवेळी दोन ओळींत होऊ शकतो. तो न केल्यामुळेच पुढे मने कडू होतात.

इतिहासाच्या दृष्टीने मात्र कायदा व सौजन्य यांपलीकडे आणखी एक कर्तव्य उरते. छत्रपती शिवाजी महाराजांचे म्हणून महाराष्ट्रात एके काळी एक चित्र आदराने पूजिले जात होते. ते महाराजांचे नसून इब्राहिमखान नावाच्या दुसऱ्याच पुरुषाचे आहे, हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून दिले आणि डचांच्या संबंधातून आलेले समकालीन धाटणीचे चित्र पुढे आणले. हे त्यांना शक्य झाले, कारण कोठेतरी मूळ चित्र व त्याची नोंद टिकून होती. आधार टिकला, म्हणून चूक सुधारली. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची कथाही हेच सांगते. भारताचार्य वैद्यांनी १९०७ साली तो ग्रंथ भाषेवर संस्कार करून छापला. दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ हस्तलिखितावरून तो पुन्हा प्रसिद्ध केला, तेव्हा भटजींचे शब्द कोणते व वैद्यांचे कोणते, हे वाचकास ताडून पाहता आले. वैद्यांनी हस्तलिखित नष्ट केले असते तर? लिखिताच्या बाबतीत मूळ जपण्याचे महत्त्व आपल्या संशोधकांना केव्हाच पटले. चित्राच्या बाबतीत ते अजून पुरते पटलेले नाही.

या सर्व हकीकतींतून जी रीत निष्पन्न होते, ती फार अवघड नाही. आरंभी चित्रकार आणि करवून घेणारा यांनी एकत्र बसून आधार निवडावा. घरच्यांनी रंग, व्रण, पोशाख आणि ओळख यांविषयीची आपली साक्ष तेव्हाच द्यावी. एकदा निवड झाली, की काम संपेपर्यंत आधारचित्रे चित्रकाराच्या खोलीत राहावीत आणि त्याच्या खांद्यावरून कोणी डोकावू नये. चित्र हवाली करते वेळी मात्र त्याच्या पाठीमागे, किंवा सोबतच्या कागदावर, चार गोष्टी लिहिल्या जाव्यात: हे समोर बसवून केले की छायाचित्रावरून, छायाचित्र कोणाचे व कोणत्या सालचे, पोशाख व रंग कोणाच्या सांगण्यावरून घेतले, आणि कल्पनेचा भाग कोणता. सभागृहे, नगरपालिका, शाळा व सरकारी कचेऱ्या सार्वजनिक पैशाने चित्रे आणि पुतळे करवितात. त्यांनी तर या नोंदीवाचून काम स्वीकारूच नये, आणि नोंद चित्राबरोबर दफ्तरात जपावी. मापे, धातू आणि किंमत यांची नोंद जेथे होते, तेथे चेहरा कोठून आला याची एक ओळ लिहिणे भारी पडू नये.

यावर कोणी म्हणेल, की इतका हिशेब मांडल्याने चित्राची मोहिनी ओसरेल. अनुभव तसा नाही. लोकमान्यांच्या चित्राचा आधार सर्वांना ठाऊक आहे, म्हणून संसद भवनातील त्या चित्रापुढे कोणाचे मस्तक कमी लवत नाही. उद्या राणी लक्ष्मीबाईंच्या एखाद्या चित्राखाली ‘लँग व गोडसे यांच्या वर्णनांवरून, कल्पनेने’ असे प्रामाणिकपणे लिहिले, तर त्यांच्या पराक्रमास किंचितही उणेपणा येणार नाही. फक्त इतिहास आणि भक्ती या दोहोंच्या सीमा स्वच्छ राहतील. सीपरी बाजारच्या टेकडीवरील पुतळा आज ज्यांनी ध्यानचंदांना खेळताना पाहिले त्यांच्या आठवणीच्या बळावर ओळखला जातो असे नव्हे. ती पिढी सरत आली आहे. तो ओळखला जातो, कारण ताडून पाहण्यास छायाचित्रे आहेत. ज्या चेहऱ्यांना ही सोय लाभली, त्यांचे आधार आपण हरवू नयेत. ज्यांना ती लाभली नाही, त्यांच्या चित्रांतले पाहिलेले किती आणि कल्पिलेले किती, हे निदान यापुढच्या चित्रकारांनी तरी लिहून ठेवावे.